सालगडी परत येतो

अमेरिकेची कविता म्हटली की माजलगावच्या माणसाला वाटते, हे प्रकरण मोठ्या शहरातल्या मोठ्या कॉलेजातले. आपला तिच्याशी संबंध काय? पण गेल्या शतकाच्या आरंभीचा तिथला एक कवी असा आहे, की भाषा इंग्रजी असली तरी त्याचे विषय आपल्या शिवारातले वाटावेत. रॉबर्ट फ्रॉस्ट त्याचे नाव. १८७४ साली जन्मला, १९६३ साली वारला. न्यू हॅम्पशर प्रांतात डेरी या गावी त्याने काही वर्षे शेती केली, कोंबड्या पाळल्या आणि शाळेत मास्तरकीही केली. पुढे तो इंग्लंडात गेला. तिथे १९१४ मध्ये त्याचा ‘नॉर्थ ऑफ बोस्टन’ हा संग्रह निघाला. त्यातली पहिलीच कविता दोन शेजाऱ्यांच्या मधल्या दगडी भिंतीची आहे. बांधाचे तंटे म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको, म्हणून ती राहू द्या. मला बोलायचे आहे ते त्याच संग्रहातल्या ‘द डेथ ऑफ द हायर्ड मॅन’ या लांब कवितेविषयी.

हायर्ड मॅन म्हणजे आपला सालगडी. अगदी तंतोतंत नव्हे. आपल्याकडे पाडव्याला साल ठरते, पैसा-धान्य बोलून होते. तिथे तसा पक्का पगार द्यायची मालकाची ऐपत नव्हती, आणि भांडण त्यावरूनच. गोष्ट एवढीच, की सायलस नावाचा म्हातारा गडी, जो ऐन गवताच्या सुगीत काम सोडून दुसरीकडे गेला होता, तो एका संध्याकाळी थकून-भागून परत आला आहे. मालक वॉरन बाजार करून घरी येतो, तर बायको मेरी त्याला दारातच गाठते आणि सांगते, जरा मायेनं घ्या. मग दोघे पायरीवर बसून बोलतात. सगळी कविता म्हणजे हे बोलणे.

वॉरनला वाईट माणूस समजू नका. त्याचा हिशेब खरा आहे. गरजेच्या वेळी जो टिकत नाही त्याला ठेवायचे कशाला? मेरीपाशी हिशेब नाही. ती म्हणते, हा मरायला घरी आला आहे. ‘घरी’ हा शब्द ऐकून वॉरनला हसू येते, आणि घर म्हणावे कशाला, यावर दोघांची बोलाचाली होते. सायलसचा सख्खा भाऊ थोड्याच अंतरावर राहतो, चांगला बँकेचा डायरेक्टर आहे. पण सायलस तिकडे जात नाही. आपण लाज वाटून घ्यावी, हे त्या म्हाताऱ्याला मान्य नाही.

एक बारीक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम पाहावी. सायलसला कॉलेजात शिकलेला एक पोरगा अजून आठवतो. दोघे एका सुगीत बरोबर होते, सारखे वाद घालत. त्याला गवताची गाडी नीट भरायला शिकवायचे राहून गेले, ही म्हाताऱ्याची हळहळ. आणि वॉरन, तोच रागावलेला वॉरन, लगेच कबूल करतो की गाडी भरावी तर सायलसनेच. आपल्याकडे कडब्याची गंजी रचणारा असाच एखादा म्हातारा प्रत्येक गावात असतो. ती विद्या आम्ही परीक्षेत विचारीत नाही.

या कवितेला यमक नाही, तरी चाल आहे. फ्रॉस्टचे म्हणणे असे, की बंद दारापलीकडचे बोलणे ऐकताना शब्द कळत नाहीत, तरी राग, विनवणी, नकार कळतो. तो सूर कवितेत आला पाहिजे. रेडिओ ऐकणाऱ्यांना हे लवकर पटेल. भिंतीपलीकडे लागलेल्या रेडिओवरही भांडण कोणते आणि कीर्तन कोणते, हे ओळखू येतेच की!

मी ही कविता वर्गात वाचतो तेव्हा शेतीवाल्यांची मुले बहुधा वॉरनची बाजू घेतात. एकदा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, ‘‘सर, ह्यात सायलस स्वतः का बोलत नाही?’’ त्याचे आईवडील दरसाल उसाला जातात. प्रश्न बिनतोड होता. सायलस आत निजलेला आहे. त्याच्याबद्दल सगळे बोलतात, तो अक्षर बोलत नाही. शेवटी वॉरन आत जाऊन पाहतो आणि बाहेर येऊन बायकोचा हात धरतो. म्हातारा गेलेला असतो.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे माणसे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल फिटली की नाही ते मुकादमाच्या वहीत राहते. ज्याच्या हाताने कोयता चालेनासा झाला, त्याच्यासाठी त्या वहीत रकाना नाही. गावात मागे राहिलेल्या अशा माणसांकडे पाहताना मला मेरीचे बोलणे आठवते, आणि खरे सांगायचे तर वॉरनचेही.

शिक्षकमित्रांना एवढेच सुचवीन, की गोष्ट आधी मराठीत सांगावी. मग एका मुलाने वॉरन व्हावे, एका मुलीने मेरी, आणि दोघांनी ओट्यावर बसून आपापल्या बोलीत ते भांडण करून पाहावे. सायलसच्या वतीने काय बोलायचे, ते बाकीच्या वर्गाला विचारावे.