मेडिकलच्या भीतीने दुखणे लपवू नका

(शाखेच्या द्वारसभेत केलेले भाषण)



आज बोनस, बदल्या आणि पेन्शन बाजूला ठेवतो. मी डॉक्टर नाही, मॅट्रिक झालेला माणूस आहे. पण ब्लडप्रेशर आणि साखर यांच्या केसेस युनियनच्या टेबलावर वर्षानुवर्षे येत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच फार उशिरा येतात. म्हणून बोलतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 साली प्रसिद्ध झाले. देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आणि दर तीन प्रौढांत किमान एकाला रक्तदाब. म्हणजे या सभेतही आहेत. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून मला प्रेशर नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ही दुखणी बोलत नाहीत. मापल्याशिवाय कळत नाहीत. वेगवेगळ्या दिवशी मापून दाब 140/90 किंवा वर येत असेल, उपाशीपोटी साखर 126 किंवा वर येत असेल, तर डॉक्टरकडे गेलेच पाहिजे. न गेल्यास मूत्रपिंड, हृदय, मेंदू आणि डोळे, सगळ्यांवर घाला पडतो. ज्याची भाकरी सिग्नल दिसण्यावर आहे त्याला डोळ्याचे महत्त्व मी काय सांगावे?

आता खरी गोष्ट. मेडिकलची तारीख आली की आठवडाभर बाहेरच्या दुकानातून गोळ्या आणायच्या, मीठ सोडायचे, आणि फिटचा शिक्का बसला की गोळ्या बंद. हे चालते, तुम्हांलाही ठाऊक आहे. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब पूर्वीपेक्षाही उसळतो. आणि अशा अवस्थेत तो भाऊ हजार प्रवाशांची गाडी घेऊन निघतो.

लपवण्यामागे भीती आहे आणि ती मी खोटी म्हणत नाही. अनफिट केले तर मायलेज जाईल, घरभाड्याचे, मुलांच्या फीचे काय? पण नियम नीट ऐका. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा कमी करता येत नाही. 1995 च्या कायद्यात कलम 47 होते, 2016 च्या कायद्यात ते कलम 20 मध्ये आहे. मेडिकलमध्ये वर्ग खाली आलेल्यांसाठी रेल्वेच्या नियमावलीत पर्यायी नोकरीची तरतूद आहे. रनिंग स्टाफचा पगार तेथे ठरवताना मूळ पगारात 30 टक्के धरले जातात. पूर्ण मायलेज त्यातून भरून निघत नाही, हे खरे. पण लकव्याने अंथरुणाला खिळलेल्याला कसले मायलेज? शिवाय गोळी सुरू झाली म्हणजे कॅब गेलीच, असेही नाही. दुखणे ताब्यात आहे की नाही हे पाहून रेल्वेचा डॉक्टर ठरवतो. हॉस्पिटलच्या कागदावर दुखण्याची नोंदच नसेल, तर उद्या तुमच्यासाठी आम्ही भांडायचे कशाच्या आधारावर?

साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या भावांनी एक लक्षात ठेवावे. औषध घेऊन डबा लाईन बॉक्समध्येच राहिला आणि गाडी होम सिग्नलला दोन तास अडकली, तर साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणे, डोके न चालणे ही तिची खूण. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, मग पोटात काही घाला. साखरेची पुडी खिशात असू द्या आणि जोडीदाराला सांगून ठेवा. कोणत्या पाळीला कोणती गोळी केव्हा, हे डॉक्टरला विचारा. तुमची ड्यूटी कशी फिरते हे सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसे?

टपाल खात्यातील भावांचा आणि आमच्या ट्रॅकवरील भावांचा प्रश्न पायाचा. मधुमेहात पाय बधिर होतात. चप्पल चावली, खडा टोचला, समजत नाही, आणि जखम बोट कापण्यापर्यंत जाते. रोज रात्री तळपाय पाहा, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांना दाखवा. आरएमएसच्या रात्रपाळीत घरोघरच्या डब्यांतून पापड-लोणचे फिरते. चव मलाही आवडते, पण दिवसाचे मीठ एका लहान चमच्यात बसले पाहिजे. तंबाखूचे वेगळे सांगत नाही, मळणारे समोरच बसले आहेत.

प्रशासनालाही सुटका नाही. विश्रांती कापायची, रात्रीमागून रात्री काढायला लावायच्या आणि मग आरोग्य दिनाचे फलक लावायचे, हे चालणार नाही. रनिंग रूममधील जेवण, वेळेवर रिलीफ आणि दवाखान्यात महिन्याच्या गोळ्या एकदम मिळणे, या मागण्या आपल्या पत्रकात आहेत.

ज्यांना जवळ दवाखाना नाही त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तिशीनंतर दाब आणि साखर तेथे मोफत तपासतात. आज युनियन ऑफिसमध्येही मशीन आणले आहे. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, दंड उघडा ठेवा, मोजताना बोलू नका. अर्धा तास आधी चहा-तंबाखू चालत नाही, म्हणून आजचा चहा मोजणी झाल्यावर मिळेल.