सगळ्यांत हळू चालणाऱ्याची वाट

(दर्यापूर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कापसाची वेचणी ऐन भरात आहे, तरी सभागृह भरलेलं आहे. तेव्हा मूळ मुद्दा पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो. नदीच्या दरीकाठी सोपी वाट चालायला जायचं असेल, तर तिची आखणी घरातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पायांनी करायची. आजीच्या पायांनी, सहा वर्षांच्या नातवाच्या, गुडघे धरलेल्या मावशीच्या. मागे कोण राहील ते आधी बघायचं. पुढे कोण पळेल याची काळजी करावी लागत नाही, तो पळतोच. आज मी कुठूनही बोलायला लागलो, तरी शेवटी इथेच येणार आहे.

नदी कोणती म्हणाल, तर तुमचीच. दर्यापूर आणि बनोसा यांच्यामधून वाहणारी चंद्रभागा. इथे ती काळ्या मातीतून सपाटीने जाते, उन्हाळ्यात पात्रात पाणी शोधावं लागतं, आणि पुढे पूर्णेला मिळते. पण हीच नदी गाविलगडच्या डोंगरात, चिखलदऱ्याच्या पठाराच्या कडेवरून दरीत उतरते. तिथे तिला कोणी कोणी पाहिलंय? हात वर करा बरं. छान, पुष्कळ आहेत. आता ज्यांनी गाडी कठड्याला लावून, फोटो काढून पाहिली, त्यांनी हात खाली घ्या. (हशा) पाहा, किती उरले!

चिखलदरा तुम्हाला नवा नाही. भीम आणि कीचक, भीमकुंड, १८२३ साली आलेला कॅप्टन रॉबिन्सन, कॉफीची झाडं, हे सगळं शाळेच्या सहलीत ऐकून झालंय. गाविलगडावरची वेल्स्लीची १८०३ ची लढाई हा वेगळ्या संध्याकाळचा विषय आहे. ते सगळं सोडून देतो आणि पाण्यावर येतो. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. विहीर खणली तर खारं पाणी लागतं. नळाला गोड पाणी येतं ते शहानूर धरणाचं, म्हणजे याच डोंगराच्या पायथ्याचं. ज्या डोंगराचं पाणी आपण रोज पितो, त्याची दरी मोटारीच्या काचेतून पाहून परत यायचं, हे मला पटत नाही. अगदी मनापासून पटत नाही.

आता ही दरी कशी झाली ते थोडं सांगू द्या, कारण सोपी वाट ओळखायची युक्ती त्यातच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि एकावर एक पसरत गेला. आईने पोळ्यांची चवड रचावी तसे हे थर आहेत. त्यात काही थर कठीण, काही ठिसूळ. कठीण थराचा उभा कडा होतो. ठिसूळ थर झिजतो आणि कड्याच्या पायाशी पट्टीसारखी सपाट जागा सोडतो. म्हणून आपल्या दऱ्यांत एक नियम लागू पडतो : थराच्या अंगाने जाणारी वाट सोपी, थर ओलांडणारी वाट अवघड. वाट किती किलोमीटरची आहे हे विचारण्याआधी ती किती थर चढते-उतरते ते विचारा. पठाराच्या कडेने तुम्ही तासभर दरी बघत चाललात, तरी गुडघ्यांना कळणार नाही. तीच दरी तळापर्यंत उतरायची म्हटली, तर परत येताना रडायची वेळ येते.

म्हणून माझी सूचना अशी. गाडी किंवा एसटी चिखलदरा गावात सोडायची. तिथून पायी देवी पॉइंट, तिथे थांबायचं, पाणी प्यायचं, दरी डोळे भरून बघायची. मग पुढे दरी सोबत ठेवत गाविलगडाच्या दरवाजापर्यंत. दरवाजावरचं गंडभेरुंडाचं शिल्प मुलांना दाखवायचं आणि परत फिरायचं. एक दिवस, एक दरी. एका दिवसात सगळे पॉइंट उरकणाऱ्यांना संध्याकाळी कोणता पॉइंट कुठला होता ते आठवत नाही. दरीत उतरायचं मात्र नाही. खाली मेळघाटचं जंगल आहे, १९७४ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे, आणि तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकणं गुन्हा आहे. परवानगी असेल तेव्हाही सोबत स्थानिक माणूस हवाच. कोरकू गड्याला दरीचा जो कोपरा ठाऊक असतो, तो आपल्या मोबाइलमधल्या नकाशाला ठाऊक नसतो.

काय म्हणता दादा? "वाघ भेटला तं?" (हशा) प्रश्न रास्त आहे, हसू नका. दिवसाउजेडी, वापरातल्या रस्त्यावर, चार माणसं बोलत चालली असताना वाघ बहुधा स्वतःच बाजूला होतो. मला जास्त धास्ती अस्वलाची आहे, आणि ते पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतं. त्याहून जास्त धास्ती आग्या मोहोळाची. दरीच्या कड्यांना ही मोहोळं लटकलेली असतात. त्यांच्याखाली धूर करायचा नाही, दगड मारायचा नाही, अंगाला अत्तर-सेंट लावून जायचं नाही.

मागच्या रांगेत आपले ट्रेकर तरुण मित्र बसलेत. सभेच्या आधी त्यांच्यापैकी एक जण मला म्हणाला, "सर, हा कुठं ट्रेक झाला? ही तर सहल." याला उत्तर दिल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. अवघड वाट आखणं मला सोपं वाटतं. कणखर चार जण घेतले, दोर घेतला, निघाले. १८९२ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने एक हिशेब मांडला : तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढाला एक तास जास्तीचा. जगभर अजून तो वापरतात. पण तो धडधाकट माणसाचा हिशेब आहे. त्यात आजी नाही, कडेवरचं पोर नाही, वाटेत थांबून बोरं वेचणं नाही. त्यांना धरून हिशेब करा, म्हणजे आखणी कशाला म्हणतात ते कळेल. मी तर सरळ दुप्पट वेळ धरायला सांगतो.

आणि ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. वऱ्हाडात ती फार जुनी आहे. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या डोंगरात महादेवाच्या गुहेकडे कोण चालतं? श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडला कोण जातं? लुगडं खोचलेल्या म्हाताऱ्या बाया. दऱ्याखोऱ्यांतल्या त्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या पायांनी बेतलेल्या आहेत. सालबर्डीच्या त्याच डोंगरात चक्रधरस्वामींनी बारा वर्षं काढली असं महानुभाव परंपरा सांगते, आणि त्या पंथाच्या आचारात 'अटन', म्हणजे पायी फिरणं, हा साधनेचाच भाग आहे.

आता गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. जन्म १८७६ चा, शेंडगावचा. शेंडगाव आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं, तुमच्यापैकी कित्येकांचं सोयऱ्या-धायऱ्यांचं गाव. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं आणि आयुष्यभर हिंडले. ऋणमोचनची पौषातल्या रविवारची यात्रा तुम्हाला माहीत आहे. तिथला पूर्णेचा काठ म्हणजे आपली काळी, चिकण माती. ओल्या पायांनी ती चढणं काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. १९०८ साली बाबांनी तिथे घाट उभा केला. मंडळी, घाट म्हणजे काय? धडधाकट माणसाला घाट लागत नाही, तो नदीत उडी मारतो आणि झाडाचं मूळ धरून वर येतो. पायऱ्या लागतात त्या म्हातारीला, गरोदर बाईला, आंधळ्याला. बाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडायला लागत. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथल्या धर्मशाळा, मूर्तिजापूरचं काम, सगळ्यामागे मला एकच दृष्टी दिसते : जो मागे पडतो, दमतो, ज्याला टेकायला जागा नाही, त्याच्यासाठी आधी सोय. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. ज्या मुलखात हा माणूस जन्मला, तिथे सोप्या वाटेला कोणी कमी लेखू नये, एवढंच मला...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. बाबांवर थोडा जास्त वेळ गेला, पण तो जायलाच हवा होता. उरलेलं भराभर सांगतो.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. भर पावसाळ्यात लहान मुलं घेऊन ओढ्याच्या पात्रात उतरू नका, हे मी हात जोडून सांगतो. चिखलदऱ्याला पाऊस आपल्या जवळजवळ दुप्पट पडतो. खाली ऊन असतं, वर ढग फुटलेला असतो, आणि पाणी वळणाआडून येतं तेव्हा पळायला वेळ मिळत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला येऊ लागला, की त्या क्षणी काठावर चढायचं. पिशवी, चप्पल, मोबाइल, जे राहिलं ते राहू द्या.

डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. दरीत सावली त्याच्या कितीतरी आधी येते. म्हणून सकाळी आठला चालायला सुरुवात आणि दुपारी दोनला, कुठेही असलात तरी, परत फिरायचं. पाणी माणशी दोन लिटर घरूनच. बेसन-भाकर, ठेचा, गूळ-शेंगदाणे पुरेत. वेष्टनांचा कचरा परत आणायचा, माकडांना काही घालायचं नाही. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. कठड्याबाहेर फोटोसाठी कोणी जाणार नाही, हे निघण्याआधीच घरात ठरवून टाका. दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून कुठे चाललो आणि कधी परतणार ते गावात कोणाला तरी सांगून निघा. पूर्वी बनोशाहून शकुंतला रेल्वेगाडीत बसून अचलपूरपर्यंत तरी जाता येत होतं. ती बंद पडली. आता अंजनगाव, परतवाडा आणि वर घाट, एवढा रस्ता एसटीने किंवा गाडीने. अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे.

शिक्षक मंडळी पुढच्या रांगेत आहेत, त्यांना एक विनंती. शाळेची सहल चिखलदऱ्याला नेता, तेव्हा पॉइंट कमी करा आणि पोरांना दरीकाठी तासभर चालवा. आपल्या गावची नदी कुठून येते ते त्यांना तिथे उभं करून दाखवा.

आणि बाकीच्यांना एवढंच सांगतो. आज घरी गेलात की तारीख तुम्ही ठरवू नका. आजीला विचारा, तिला कोणता दिवस सोयीचा आहे. वेचणी आटोपली की त्या दिवशी निघा, आणि वाटेवर तिला सगळ्यांच्या पुढे चालू द्या.