बालसंगोपन केंद्रे आणि पहिली दहा मिनिटे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



भंडारा जिल्ह्याच्या स्मरणातून ९ जानेवारी २०२१ ची पहाट कधीच पुसली जाणार नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या विशेष काळजी कक्षाला त्या पहाटे आग लागली. कक्षात सतरा अर्भके होती. सात जणांना बाहेर काढण्यात यश आले, दहा कोवळे जीव गेले. त्यांपैकी तिघे भाजल्यामुळे, तर सात जण धुरामुळे गुदमरून दगावल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी तेव्हा सांगितले होते. म्हणजे ज्वाळेपेक्षा धुराने अधिक बळी घेतले.

त्यानंतर चौकशी झाली, मदत जाहीर झाली, राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. हे सारे आवश्यकच होते. परंतु ज्या मातांचे पाळणे रिकामे राहिले, त्यांच्यासाठी ते उशिराचे होते. म्हणून या दुर्घटनेचा बोध रुग्णालयांपुरता मर्यादित ठेवून चालणार नाही. अंगणवाडी, बालवाडी, पाळणाघर अशा जेथे जेथे दुसऱ्यांची लेकरे विश्वासाने सोपविली जातात, तेथे तेथे तो पोहोचला पाहिजे.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून निघालेली ठिणगी गवताच्या छपराला लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. जेथे मुले बसतात, तेथेच अन्न शिजविणारी ठिकाणे आजही थोडी नाहीत. चूल वा गॅस मुलांच्या खोलीपासून दूर असावा, बाहेर पडण्याचा मार्ग चुलीजवळून जाऊ नये आणि दुसरे दार कुलूपबंद नसावे, या तीन गोष्टींना विशेष खर्चही लागत नाही.

दुकानदार जसा रोजमेळ मांडतो, तसा प्रत्येक केंद्राने हातांचा हिशेब मांडावा. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस, असे प्रमाण होते. म्हणजे पंचवीस मुले आणि चार हात. त्यातील सहा मुले चालण्याच्या वयाची नसतील, तर ती कोण उचलणार? उरलेल्यांना रांगेत कोण नेणार? बाहेर आल्यावर हजेरीपट पाहून कोण मोजणार? याचे उत्तर आग लागल्यावर शोधता येत नाही. ते आधीच ठरलेले असावे आणि दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष करून पाहिलेले असावे. शेजारच्या दोन घरांनाही या सरावात सामील करून घ्यावे, म्हणजे हात वाढतात. धूर वर चढतो, म्हणून वाकून वा रांगत बाहेर पडायचे, हे मुलांना खेळातून सहज शिकविता येते.

वस्त्राविषयीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नायलॉन व पॉलिस्टरचे कापड आगीत वितळून कातडीला चिकटते. बालकांच्या खोलीत पडदे, चादरी व झबली शक्यतो सुती असावीत. सुती कापडही पेट घेतेच, परंतु ते वितळून अंगाला चिकटत नाही.

आता प्रथमोपचाराविषयी. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे, गार, वाहते पाणी सोडावे. बर्फ, हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. चिकटलेले कापड ओढून काढू नये. नंतर स्वच्छ कापडाने जखम झाकून दवाखाना गाठावा.

शेंगदाणा, चणा, बोराची बी अशा वस्तू लहानग्यांच्या घशात अडकतात. मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज व श्वास बंद झाला, तर एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्याव्यात. वस्तू न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करावे. वर्षावरील मुलास पाठीवरील थापांनंतर पोटावर दाब देतात. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती अधिक आत जाते. मूल बेशुद्ध पडल्यास छातीवर दाब व तोंडाने श्वास देण्यास सुरुवात करावी.

भंडारा हा तलावांचा व धानाचा जिल्हा. पाण्यात बुडालेल्या मुलाला उलटे धरून गरगर फिरविण्याची जुनी रीत सोडून द्यावी, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीवर दाब द्यावा. पावसाळ्यात मण्यार घरात शिरते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. सर्पदंश झाल्यास घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे हे सारे टाळावे. मुलाला निश्चल ठेवून, उचलून थेट प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे.

मात्र ही कृती वाचून हाताला सवय होत नाही. बाहुलीवर प्रत्यक्ष सराव करूनच ती येते. यासाठी प्रशिक्षित डॉक्टर वा परिचारिकांना बोलावून वर्षातून एक दिवस सेविका, मदतनीस आणि माता यांच्यासाठी राखून ठेवावा. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. १०८, १०१ आणि ११२ हे क्रमांक दारामागे मोठ्या अक्षरांत लिहावेत, त्याखाली केंद्राचा पूर्ण पत्ता व जवळची खूण असावी. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही.

सुवर्णमहोत्सवात वास्तू उभ्या राहतात, देणग्या जाहीर होतात, नामफलक लागतात. त्याबरोबरच तालुक्यातील एकेका अंगणवाडीला प्रथमोपचार पेटी, अग्निशामक नळकांडे आणि एक दिवसाचे प्रशिक्षण देण्याचा संकल्प समाजाने सोडावा. पेटी दिल्यावर ती विसरू नये. तिच्यातील औषधांची मुदत आणि नळकांड्याचा दाब दुकानातील मालाप्रमाणे नियमित तपासावा.

त्या पहाटे सात बालके वाचली, कारण वेळेत त्यांच्यापर्यंत हात पोहोचले. असे शिकलेले, सवयीचे हात प्रत्येक पाळण्याजवळ असावेत, हीच त्या दहा जीवांना खरी श्रद्धांजली ठरेल.