आजचा भात

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बोलण्यासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. शाळेत असताना मी कधी भाषण केलं नाही. पंधरा ऑगस्टलाही मागच्या रांगेत उभं राहून फक्त टाळ्या वाजवल्या. पण आपला मित्र म्हणाला, ‘‘तू आयुष्यभर वॉर्डात दुःखच पाहिलंस, मग घरातही पाहिलंस. तरी उभी आहेस. कशाच्या जोरावर, तेवढं सांग.’’ आता याचं खरं उत्तर द्यायचं तर मला प्रार्थनेविषयीच बोलावं लागतं. शाळेत आमचं एकच ख्रिस्ती घर होतं हे तुम्हांला आठवत असेल. मी कुणाला काही पटवून द्यायला उभी राहिलेली नाही. मला काय झालं, तेवढं सांगते.

1979 साली आईची बदली लाखांदूरच्या दवाखान्यात झाली आणि मी चौथीत तुमच्या वर्गात आले. आईचं नर्सिंगचं शिक्षण नागपूरला म्युर मेमोरियल हॉस्पिटलात झालं होतं. इथं आली तेव्हा तिला चिखलात चालायची सवय नव्हती. रोवणीच्या दिवसांत बायका बांधीत वाकलेल्या असायच्या आणि आई लशींचा डबा घेऊन धुऱ्यावरून तोल सांभाळत जायची. एकदा घसरून ती थेट पऱ्ह्यांत पडली. बायका हसल्या आणि मग तिला धुऊन-पुसून चहाही पाजला. त्या दिवसापासून गावात तिची ओळख ‘आपली नर्सबाई’ अशी झाली.

गावात चर्च नव्हतं, म्हणून आमचा रविवार घरीच व्हायचा. बाकी दिवशी आई पहाटे स्टो पेटवून भाताचं आधण ठेवायची आणि ते उकळेपर्यंत प्रार्थना करायची. येशूने शिष्यांना शिकवलेली एक छोटी प्रार्थना आहे, जगातले सगळे ख्रिस्ती लोक ती म्हणतात. तिच्यात भाकर मागितलेली आहे आणि तीही फक्त आजच्या दिवसाची. मी लहानपणी आईला विचारलं होतं, ‘‘आपण तर भाकर खातच नाही, मग मागतो कशाला?’’ आपला हा धानाचा मुलूख! आई म्हणाली, ‘‘मग तू भात माग.’’ पुढे कितीतरी वर्षं मी देवाकडे भातच मागत होते.

त्याच ओळीला जोडून आई मान्न्याची गोष्ट सांगायची. मिसरच्या गुलामीतून सुटलेले लोक रानात भटकत होते, खायला काही नव्हतं. तेव्हा रोज सकाळी जमिनीवर बारीक दाण्यांसारखं अन्न पडलेलं दिसायचं. ज्याने त्याने आपल्या पोटापुरतं गोळा करायचं. उद्यासाठी लपवून ठेवलं की त्यात किडे पडायचे. फक्त विसाव्याच्या आदल्या दिवशी दुप्पट घेता यायचं आणि ते टिकायचं. ते धण्यांसारखं दिसायचं असं बायबलात लिहिलं आहे, म्हणून आई गोष्ट सांगताना तळहातावर सांबाराच्या बिया घेऊन दाखवायची. मला तेव्हा त्या लोकांची दया यायची. चाळीस वर्षं रोज तेच खायचं!

डिसेंबरात तुम्ही विचारायचे, ‘‘तुमची दिवाळी एवढी उशिरा काहून येते व?’’ आमची चांदणी कुठून यायची हे आज सगळ्यांसमोर कबूल करते. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या घरचा दिवाळीचा आकाशकंदील मंडई संपली की आमच्याकडे यायचा. आम्ही त्याचा कागद काढून बांबूच्या कामट्या वाकवायचो आणि त्यांचीच चांदणी करायचो.

मराठीच्या तासाला सरांनी ‘केवढे हे क्रौर्य’ शिकवली, तो दिवसही आठवतो. शिकारी, घायाळ पक्षीण, तिची पिल्लं. अर्धा वर्ग रडवेला झाला होता. मग सर म्हणाले की हे कवी, रेव्हरंड नारायण वामन टिळक, ख्रिस्ती होते. सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहू लागला, जणू कविता मीच लिहिली होती. मधल्या सुट्टीत सरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जात होते तेव्हा डब्यात एका परदेशी माणसाची भेट झाली. गप्पा झाल्या आणि त्या माणसाने त्यांना नवा करार वाचायला दिला. तो रस्ता आपल्या भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदियावरूनच जातो! 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. पुढे नागपूरला चर्चमध्ये पेटी-तबल्यावर त्यांची भजनं ऐकली तेव्हा मला परकं वाटलं नाही. इथं तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर ऐकत वाढलेली पोर मी. कान आधीच तयार होते.

आता मुख्य गोष्ट.

एप्रिल 2021. मी नागपूरला कोविड वॉर्डात ड्युटीवर होते. माझे मिस्टर दुसऱ्या दवाखान्यात भरती होते. सकाळी फोनवर बोलले, ‘‘तू जेवून घे’’ म्हणाले. दुपारी निरोप आला. मी तेव्हा किटमध्ये होते, डोळेही पुसता येत नव्हते. मातीला आम्ही चारच माणसं होतो.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा ड्युटीवर गेले. कामाचं काही अडलं नाही, हातांना सवय असते. अडलं ते प्रार्थनेत. त्या प्रार्थनेत भाताच्या आधी एक ओळ येते. देवाच्या मनात असेल तसं होवो, अशा अर्थाची. तिथपर्यंत आले की जीभ थांबायची. रोज रात्री तिथंच. भेटायला लोक यायचे आणि यात देवाची काही योजना असेल असं सांगायचे. चांगली माणसं होती, माझ्यासाठी डबे आणत होती. पण मला त्यांचा राग यायचा. खरं सांगू? अजूनही थोडा येतो. हळूहळू मी चर्चला जाणं सोडलं, मग प्रार्थनाही सोडली.

अशा वेळी मला चर्चकडे ढकलणारी ख्रिस्ती नव्हती. ती आकाशकंदिलाच्या घरातली मैत्रीण होती. तिचा दर रविवारी सकाळी सातला फोन यायचा, ‘‘आज गेली का नाही?’’ मी एकदा चिडून म्हटलं की माझं देवाशी पटत नाही. तर म्हणते कशी, ‘‘देवासोबत भांडण असन तं तिथंच जाऊन भांड ना व. घरी काहून कुढत बसली?’’ मी गेले. शेवटच्या बाकावर बसले आणि एक शब्द न बोलता परत आले. पुढच्या रविवारी सातला पुन्हा फोन.

आई तेव्हा माझ्याजवळच राहत होती. एका रात्री तिला सगळं सांगितलं, कुठली ओळ म्हणता येत नाही तेही. मला वाटलं ती समजूत काढेल. ती म्हणाली, ‘‘तिथं अटकली असशील तर तेवढी सोड. पुढची म्हण. जेवली का तू आज?’’ मी जेवले नव्हते. तिने भात वाढला, वरण वाढलं, आणि मी ती एक ओळ सोडून भाताच्या ओळीपासून सुरुवात केली. मान्न्याची गोष्ट मला त्या रात्री कळली. वर्षभर कसं निघेल याचं बळ मी एकदम मागत होते, आणि तसं ते मिळत नव्हतं. मिळत होतं ते सकाळच्या ड्युटीपुरतं. रात्रीपर्यंत ते संपायचं, मग सकाळी पुन्हा मागायचं.

पण त्या प्रार्थनेत भाताच्या लगेच पुढे क्षमा येते, आणि ती जास्त कठीण निघाली. आजार माझ्याच अंगावरून घरी आला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. खरं काय ते कुणालाच सांगता येणार नाही, हे नर्स म्हणून मला कळत होतं. पण बायको म्हणून पटत नव्हतं. दुसऱ्यांना क्षमा करायची तर करून टाकली असती. स्वतःचं काय करायचं? ते एका दिवसात झालं नाही. दोन वर्षं मी ती ओळ नुसती म्हणत राहिले, काहीही न वाटता. मग केव्हातरी लक्षात आलं की तिचं ओझं थोडं कमी झालंय. तारीख सांगता येत नाही.

त्याच काळात आईची ‘स्मृतिचित्रे’ची जुनी प्रत पुन्हा वाचली. लक्ष्मीबाई टिळक. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतल्यावर रागाने, दुःखाने वेगळ्या राहिलेल्या, आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतलेल्या. त्यांच्या पुस्तकात देव येतो तो चूल, पोरंबाळं, अनाथ मुलांनी भरलेलं घर आणि नवरा-बायकोची भांडणं यांच्यामधून येतो. दुःखातही मी कितीदा हसले. पण मला धीर दिला तो त्यांच्या दुसऱ्या कामाने. टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवर थांबलेलं होतं. शाळेत न शिकलेल्या या बाईने पुढचे 64 अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या वारल्या आणि 1938 मध्ये ग्रंथ छापून आला. चौसष्ट अध्याय कुणी एका दमात लिहीत नाही. मी वहीच्या पानावर तो आकडा लिहून स्वयंपाकघरात चिकटवला होता.

आई 2023 च्या डिसेंबरात गेली. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलता येत नव्हतं, खुणेने म्हणाली, प्रार्थना म्हण. मी सुरुवात केली आणि त्या सोडलेल्या ओळीपाशी सवयीने थांबले. आईने डोळे मिटलेलेच ठेवले, पण तिचे ओठ हलले. आवाज नव्हता. ती ओळ तिने म्हटली, पुढची मी म्हटली. अजूनही माझं तसंच चालू आहे. तिथं आले की मी क्षणभर थांबते, आईला म्हणू देते आणि पुढे जाते.

रविवारचा सातचा फोन अजून येतो. फोन करणारी ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि मी तिचं नाव घेतलं तर मारेन अशी धमकी तिने आधीच दिली आहे. मंडपामागे भात शिजल्याचा वास येतोय, सरांनाही वेळेवर गोळी घ्यायची असते. मी इथंच थांबते. चला, जेवून घेऊ.