आधी कान, मग कमान



सोनाजी महाराजांच्या आपल्या सोनाळा गावाला कीर्तन कसं ऐकावं हे सांगायची गरज नाही. बुवांच्या भोवती माणसं दाटीनं बसतात, आणि शेवटच्या रांगेतल्या आजीलाही शब्द कळतो. महाविद्यालयाचं कलाभवन बांधताना मात्र आपण तिला विसरतो. नकाशात आधी दर्शनी कमान येते, मग संगमरवरी पायऱ्या. आत गुळगुळीत भिंती, वर स्लॅब. उद्‌घाटनाला माईक सुरू झाला की शब्दावर शब्द चढतो आणि पाहुणे काय बोलले ते कुणालाच कळत नाही.

हे मोठमोठ्यांचंही झालेलं आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. १८९५ साली ते घुमणं थांबवायचं काम वॉलेस सॅबिन या पदार्थविज्ञानाच्या तरुण प्राध्यापकाकडे आलं. शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या बैठकांच्या गाद्या तो रात्री उचलून आणायचा, एकेक करून मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर! त्यातून निघालेलं गणित आजही वापरात आहे. दालनाचं घनफळ घनमीटरमध्ये काढा, ०.१६१ नं गुणा आणि आवाज शोषणाऱ्या पृष्ठभागानं भागा. घुमण्याचे सेकंद मिळतात.

आपल्यापुरतं करून पाहू. २० मीटर लांब, १२ मीटर रुंद, ६ मीटर उंच दालन धरा. घनफळ १,४४० घनमीटर. नाटकाचा शब्द स्वच्छ ऐकू यायला घुमणं सेकंदाच्या आसपास हवं. त्यासाठी सुमारे २३२ चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभाग लागतो. नुसता गिलावा आणि फरशी त्याच्या जवळपासही पोचत नाहीत. आपला तर कापसाचा मुलूख! जाड पडदे, गादीच्या खुर्च्या, भिंतीवर कापडी आवरणाचे सच्छिद्र तक्ते, यातलं बरंच इथंच करून घेता येईल. मात्र त्यावर अग्निरोधक प्रक्रिया झालीच पाहिजे. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, हे आपण विसरू नये. दारं बाहेर उघडणारी हवीत, आणि कार्यक्रम चालू असताना त्यांना कुलूप नको.

आता बसण्याच्या रचनेचं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातलं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. वास्तुरचना फिलिप जॉन्सन यांची, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. हजारभर आसनं रंगमंचाभोवती अर्धवर्तुळात आहेत, कारण आपल्या बैठकीत गवयाचा चेहरा आणि हातही ऐकण्याचाच भाग असतो. तो खर्च आपल्याला पेलणार नाही, पण बसण्याची ती रचना घ्यायला पैसे लागत नाहीत. लांबच लांब बोगद्यासारखं सभागृह बांधू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आणि दादरचं छबिलदास आठवा. शाळेचं साधं सभागृह, पण १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं तिथं प्रायोगिक मराठी नाटकाला घर दिलं. नाटकवाल्यांना तिथं पुन्हा पुन्हा काम करता आलं. म्हणून माझ्या मते कलाभवनात रंगमंचाइतकंच महत्त्व तालमीच्या खोलीला आहे. रंगमंचावर जेवढी मोकळी जागा, तेवढीच तिथं हवी. नाहीतर ऐन प्रयोगात मुलांची पावलं चुकतात. आज युवा महोत्सव जवळ आला की मूकाभिनयाची तालीम व्हरांड्यात चालते आणि तबल्याचा सराव प्रयोगशाळेच्या दाराशी.

मागच्या भिंतीला टेम्पो लागेल असं रुंद दार ठेवा, नाहीतर नेपथ्य प्रेक्षकांतून न्यावं लागतं. मुलींसाठी स्वतंत्र रंगपट आणि त्याला लागूनच स्वच्छतागृह हवं, रंगमंच न ओलांडता जाता येईल असं. हे नकाशावर आजच काढून घ्या; पाया भरल्यावर त्याला जागा उरत नाही.