गाळाची सरासरी आणि गाळाचे खरे घटक



सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तलावांचे काठ उघडे पडले, की गाळ उपसून शेतात नेण्याची लगबग सुरू होते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या शासकीय योजनेने या कार्यास चालना दिली. मात्र हा गाळ कशाचा बनला आहे, हे पाहिल्याविना त्याचा लाभ निश्चित होत नाही.

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. भीमा, मुळा-मुठा व घोड या नद्यांचे पुराचे पाणी या जलाशयात येते. प्रवाह मंदावताच जड वाळू मुखापाशी बसते. सूक्ष्म माती पुढे धरणाकडे जाते. पूर ओसरल्यावर संथ पाण्यातील तीच माती वाळूवरही थर धरते. म्हणून ओंजळभर गाळात दोन प्रवाहांचा इतिहास मिसळलेला असतो.

अशा गाळाची सरासरी फसवी ठरते. निम्मे कण ०.२ मिलिमीटरचे व निम्मे ०.०१ मिलिमीटरचे असतील, तर सरासरी ०.१०५ येते, पण त्या आकाराचा एकही कण नमुन्यात नसतो! आलेखावर मात्र दोन उंचवटे स्पष्ट दिसतात.

हे घटक वेगळे करण्याचा एक मार्ग पाण्यातूनच जातो. स्टोक्सच्या नियमानुसार सूक्ष्म कणाचा बुडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.०२ मिलिमीटरचा कण दहा सेंटिमीटर खाली जाण्यास सुमारे पाच मिनिटे घेतो, ०.००२ मिलिमीटरच्या कणास सुमारे आठ तास लागतात.

दुसरा मार्ग गणिताचा. कार्ल पिअर्सन यांनी १८९४ साली नेपल्सच्या खेकड्यांच्या मोजमापांचा एकच वक्र दोन वक्रांत विभागून दाखविला. गाळाच्या वक्रासही हीच रीत लागू पडते. तथापि एकच वक्र अनेक प्रकारे विभागता येतो. म्हणून मुख, मध्य व धरणालगत अशा अनेक ठिकाणचे नमुने घ्यावेत. जे घटक कमीअधिक प्रमाणात सर्वत्र पुनःपुन्हा आढळतात, तेच विश्वसनीय मानावेत.

याचे मोल शेतात कळते. चिकणमातीयुक्त गाळ हलक्या, मुरमाड जमिनीची ओल धरून ठेवतो. भारी काळ्या रानात तोच निचऱ्यास अडथळा ठरतो. वाळूचा गाळ हलक्या रानात टाकल्यास वाहतुकीचा खर्च व्यर्थ जातो.

शाळेत काचेच्या बरणीत गाळ व पाणी ढवळून ठेवल्यास विद्यार्थ्यांना हे थर प्रत्यक्ष दिसतील. ग्रामपंचायतींनीही पहिली गाडी भरण्यापूर्वी गाळाची तपासणी करून घ्यावी. गाळ किती उपसला याइतकेच, कोणता गाळ कोणत्या रानात गेला, यालाही महत्त्व आहे.