एक ढोलकी पुरेल का?

(उत्सवातील मनोगत)



गेल्या वर्षी वर्गणी बेताची होती, म्हणून आम्ही एकच ढोलकी घेतली. म्हटले, आरती, लावणी, भजन, सगळे तीवर भागेल. आरती झकास झाली. अभंगाला मात्र तिच्या कडकडाटात ऐंशी ओलांडलेल्या आमच्या काकांचा आवाज बुडाला. ते मधेच थांबले आणि नंतर भजनाला बसलेच नाहीत. ही चूक आमची.

ढोलकीचा नाद उंच आणि टोकदार. लावणीला तोच हवा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात, त्यामुळे तो खोल घुमतो आणि गाणाऱ्याला आधार देतो. ताशाची तर्री मिरवणुकीत शोभते, सभागृहात कान फाडते. ढोलाला फायबरचे पान असले की पावसात ढिले पडत नाही, तिथे ते सोयीचे. भजनाला मात्र शाई-कातड्याचाच नाद हवा.

मग हाताला किंमत नाही का? आहेच. नाना पानसे यांच्या इंदूरला हे वेगळे सांगायला नको. कच्चा हात महागड्या पखवाजावरही कच्चाच. पण तयार हातालासुद्धा गाण्याजोगे वाद्य लागते.

मंडळाच्या माळ्यावर जुना पखवाज पडून आहे. खोड शाबूत आहे, पुड्या तेवढ्या बदलायच्या. नव्या स्पीकरआधी हा खर्च करावा, अशी आमची विनंती आहे. काका, पुढच्या वर्षी पहिला अभंग तुमचा!

गणपती बाप्पा मोरया!